पोराचे डोके हातात आहे?



गेल्या महिन्यात एक गृहस्थ आठवीतल्या मुलाचे प्रगतिपुस्तक घेऊन माझ्याकडे आले. गणिताखाली लाल रेघ होती. म्हणाले, "सर, ह्याचं डोकं पुस्तकात नाही, हातात आहे. उद्यमनगरात लेथवर लावतो." मुलगा मान खाली घालून शेजारी उभा होता. आजचे माझे बोलणे त्या दोघांसाठी, आणि त्यांच्यासारख्या तुम्हा सर्वांसाठी आहे असे समजा.

बुद्धी मोजण्याची पहिली उपयोगी कसोटी १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले वेळीच ओळखावीत व त्यांना जादा मदत द्यावी, एवढाच हेतू. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते, हे बिनेला मुळीच मान्य नव्हते. आपल्याकडे धारवाडला व्ही. व्ही. कामत यांनी ही कसोटी मराठी व कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये निघाले. पण मदतीसाठी काढलेल्या आकड्याचा लोकांनी शिक्का केला. तो शिक्का आपण घरी मारतो, तेव्हा त्याला 'ढ' म्हणतो.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या हॉवर्ड गार्डनर यांनी मांडले, की बुद्धी एक नसून अनेक आहेत. भाषेची, गणित-तर्काची, संगीताची, आकार व जागा ओळखणारी, शरीराची, दुसऱ्याचे मन जाणणारी, स्वतःला जाणणारी. निसर्ग ओळखणारी त्यांनी मागाहून जोडली. कोल्हापूरकरांना हे पटायला वेळ लागत नाही. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब गात होते, आबालाल रहिमान चित्रे काढीत होते. त्यांचे गणिताचे गुण आज कोण विचारतो?

मात्र इथेच आपली फसगत होते. गार्डनरांचा विचार शाळांतून जितका लोकप्रिय झाला, तितका मानसशास्त्रज्ञांना पटलेला नाही. एका कसोटीत बरे असणारे मूल बहुधा दुसरीतही बरे असते, हे इंग्लंडच्या चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवले होते, आणि ते अजून टिकून आहे. बुद्धीचे सात-आठ बंद डबे नाहीत, की एक उघडला म्हणून बाकीचे फेकून द्यावेत.

खाँसाहेबांचेच घ्या. घराण्यात वर्षानुवर्षे तालीम घेतली. पुढे आवाज बिघडला, तेव्हा उरलेल्या आवाजाला शोभेल अशी गायकी नव्याने घडवली. आबालालांच्या घरात सुलेखन पिढीजात होते, तरी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाऊन शिकले. उपजत देणगी होती म्हणून कोणी शिकणे सोडले नाही.

आणि लेथ म्हणजे काय नुसता हात? ड्रॉइंग वाचावे लागते. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग पाहावा लागतो. हे गणितच आहे, फक्त त्याला तेल लागलेले असते. आय.टी.आय.त टर्नरला जायचे तरी गणित-विज्ञानासह दहावी लागते.

राग मानू नका, पण एक विचारतो. पैसेवाल्याचा मुलगा गणितात नापास झाला, तर त्याला शिकवणी लागते. आपला झाला, की त्याची बुद्धी एकाएकी हातात कशी उतरते? मुलीच्या बाबतीत तर नापास होण्याचीही वाट पाहत नाही. तिचे डोके स्वयंपाकात आहे, हे आधीच ठरलेले असते.

त्या मुलाला मी समोर बसवून चार गणिते घातली. बेरीज-गुणाकार झटपट केले. अडला तो दशांश अपूर्णांकावर. पाचवीत तापाने दीड महिना शाळा बुडाली होती, तेव्हापासून ते राहून गेले होते. कोणी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. आता शनिवारी तो माझ्याकडे येतो. वडील अजून पुरते तयार नाहीत. "दहावीपर्यंत बघतो," एवढेच म्हणाले आहेत.