बाईंची चिठ्ठी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

आदरणीय गुरुजनहो, आणि १९९० च्या दहावीच्या माझ्या सोबत्यांनो,

सकाळपासून चहाच्या टेबलापाशी प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला, "तू नक्की करतोस काय?" डॉक्टर झालेल्यांना, शेती सांभाळणाऱ्यांना हे कुणी विचारत नाही. मी सांगतो, "ई-लर्निंग." समोरचा म्हणतो, "म्हणजे व्हिडिओ बनवतोस." उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं आज सांगतो.

आपण बार्शीकर. आपली छोटी गाडी आठवते ना? रुळांमधलं अंतर अडीच फूट. मुंबईला जायचं तर कुर्डुवाडीला उतरायचं आणि ट्रंका, बोचकी घेऊन मोठ्या गाडीत चढायचं. छोट्या गाडीत खोट काहीच नव्हती, फक्त तिचे डबे मोठ्या रुळांवर चालत नव्हते. आमच्या धंद्यात सुरुवातीला हेच होतं. एकानं बनवलेला धडा दुसऱ्याच्या प्रणालीवर चालायचा नाही. १९८८ साली विमान उद्योगातली मंडळी एकत्र आली आणि संगणकावरच्या प्रशिक्षणासाठी सामाईक नियम ठरवू लागली. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एका उपक्रमातून 'स्कॉर्म' ही नियमावली आली. तिची २००१ सालची १.२ ही आवृत्ती आजही सर्रास वापरात आहे.

व्हिडिओ कसा असावा, आवाज कुणाचा असावा, धडा चांगला की रटाळ, याबद्दल या नियमावलीत चकार शब्द नाही. तिचं म्हणणं मुख्यतः तीन गोष्टींपुरतं आहे. एक, सगळ्या फाइल्स एका झिप फाइलीत बांधायच्या आणि सोबत एक यादी ठेवायची. आत काय आहे आणि सुरुवात कुठून करायची, हे त्या यादीत असतं. दोन, धडा उघडला की त्यानं आधी प्रणालीला गाठून 'हजर' म्हणायचं. तीन, पुढचं बोलणं ठरलेल्या शब्दांतच करायचं : शिकणारा कुठवर आला, गुण किती, पूर्ण की अपूर्ण. आणि निघताना सांगून निघायचं. थोडक्यात, आपला हजेरीपट आणि प्रगतिपुस्तक.

याचा फायदा केव्हा कळतो? २०२० च्या ३१ डिसेंबरला फ्लॅशचा आधार संपला. फ्लॅशमधली आमची सगळी हलती चित्रं पुन्हा बनवावी लागली. पण बांधणी तीच आणि प्रणालीशी बोलणंही तेच, म्हणून लोकांच्या जुन्या नोंदींना धक्का लागला नाही.

आता माझी चूक सांगतो. गुरुजन समोर आहेत, तेव्हा कबूल केलेलं बरं.

एका कारखान्यासाठी मी यंत्रसुरक्षेचा धडा केला होता. साठ पानं, व्हिडिओ, आवाज, मधे मधे प्रश्न. नियम असा, की धडा पूर्ण झाल्याची नोंद नसेल तर यंत्रावर उभं राहायचं नाही. आठवड्याभरात एका वयस्कर फिटरचा फोन आला. "साहेब, जेवणाच्या सुट्टीत रोज पुढं जातोय, अन् दुसऱ्या दिवशी बघतो तर परत अर्ध्यावर. आज चौथा दिवस. मला मशीनवर घेईनात." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. आपलंच काहीतरी चुकत असणार, असं त्यांना वाटत होतं. ते ऐकून मला जास्त लागलं.

चूक माझी होती. शिकणारा अर्ध्यावर उठला तर 'मी इथवर आलो' अशी एक चिठ्ठी धडा प्रणालीकडे ठेवतो. आवृत्ती १.२ मध्ये या चिठ्ठीला ४,०९६ अक्षरांची मर्यादा आहे. मी तिच्यात काय काय कोंबलं होतं! प्रत्येक उत्तर पूर्ण वाक्यात, प्रत्येक व्हिडिओ कितव्या सेकंदाला थांबला तेही. अर्धा धडा होईतो मर्यादा संपायची. प्रणाली नवी चिठ्ठी नाकारायची, जुनीच राहायची. आपली चिठ्ठी घेतली की नाही, हे माझा धडा विचारतच नव्हता. आणि उरलेला अर्धा धडा एका जेवणाच्या सुट्टीत संपण्याजोगा नव्हता. मी मात्र कार्यालयात बसून एका बैठकीत तो तपासला होता. माझ्याकडे सगळं 'पूर्ण'.

त्या रात्री मला आपल्या सातवीच्या बाई आठवल्या. आज त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत. दिवाळीनंतर आपल्या वर्गात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा आला होता. दाखला नव्हता, त्यामुळे पटावर नाव नव्हतं. हजेरी संपली की तो मागच्या बाकावरून म्हणायचा, "बाई, मी पण आलोय." दोन-तीन दिवसांनी बाईंनी पटाच्या तळाशी पेन्सिलीनं त्याचं नाव लिहिलं. वार्षिक परीक्षेआधीच टोळी हलली. निघताना बाईंनी त्याला एक चिठ्ठी दिली होती. मी शेजारी उभा होतो, म्हणून वाचली. दोनच ओळी होत्या : गणित अपूर्णांकांपर्यंत झालं आहे, मराठीचे नऊ धडे झाले आहेत. पुढच्या शाळेतल्या गुरुजींना तेवढं पुरेसं होतं.

मी चिठ्ठी नव्यानं लिहिली. पान पाहिलं तर १, नाही तर ०. साठ पानांची साठ अक्षरं. प्रत्येक पानानंतर ती प्रणालीकडे द्यायची आणि मिळाल्याची खात्री करायची. तिसऱ्या दिवशी त्या फिटरकाकांच्या नावापुढे 'पूर्ण' आलं. तेव्हापासून कोणताही धडा मी तीन दिवसांत, मधेच उठून, ज्याचा त्याच्याच प्रणालीवर तपासतो. ज्याला एका बैठकीत शिकायची सवड नाही, त्याच्यासाठीच ही सगळी नियमावली खऱ्या अर्थानं कामाची आहे.

तर मित्रांनो, मी व्हिडिओ बनवतो हे खरंच. पण पगार मिळतो तो चिठ्ठ्या नीट लिहिण्याचा. बाई, ते काम मी तुमच्याकडूनच शिकलो. फक्त परीक्षेत एकदा नापास होऊन शिकलो.