यंत्राची ओळख ही आपली जबाबदारी



अध्यक्ष म्हणून बोलायची संधी दिलीत, ती मी एकाच ओळीसाठी खर्च करणार आहे. नेटवर्क फाइल सिस्टीमचा, म्हणजे एनएफएसचा, क्लायंट सर्व्हरकडे नोंदणी करताना 'मी अमुक' असं सांगतो, ती ही ओळ. तिची जबाबदारी आपली, सर्व्हर सांभाळणाऱ्यांची, आहे आणि आपण ती प्रोटोकॉलवर ढकलून मोकळे झालो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सच्या मूळ एनएफएसमध्ये सर्व्हरने क्लायंटबद्दल काही लक्षात ठेवायचंच नाही, असं धोरण होतं. 1995च्या तिसऱ्या आवृत्तीतही लॉकचं काम बाजूच्या वेगळ्या प्रोटोकॉलकडेच होतं. चौथ्या आवृत्तीने लॉक मुख्य प्रोटोकॉलमध्ये आणली आणि कोणतं लॉक कोणाचं याची नोंद सर्व्हरच्या गळ्यात पडली. नोंदीसाठी आयपी पत्ता कामाचा नाही. तो डीएचसीपीमुळे बदलतो, आणि नॅटच्या मागे असलेली सगळी यंत्रं एकाच पत्त्यावरून बोलतात. म्हणून क्लायंटने स्वतःच एक ओळख-स्ट्रिंग द्यायची आणि सोबत आठ बाइटचा व्हेरिफायर, जो दर रीबूटला बदलतो. स्ट्रिंग तीच आणि व्हेरिफायर नवा, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू झालं. त्याची जुनी लॉक सोडून द्यायची. फार विचारपूर्वक केलेली योजना आहे ही. मात्र दोन यंत्रं एकच स्ट्रिंग सांगणार नाहीत, हे तिने गृहीत धरलं आहे.

लिनक्सचा क्लायंट ही स्ट्रिंग, आपण काही वेगळं सांगितलं नाही तर, होस्टनेमवरून बनवतो. आता एकाच इमेजवरून क्लोन केलेली कॉलेजची लॅब डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांचं नाव लोकलहोस्ट. एका यंत्रावर विद्यार्थिनी फाइल लॉक करून लिहिते आहे. शेजारचं यंत्र सुरू होतं: स्ट्रिंग तीच, व्हेरिफायर वेगळा. सर्व्हर नियमाला धरून तिच्या यंत्राची लॉक काढून टाकतो. त्या यंत्राला हे कळतं पुढच्या विनंतीला. ते पुन्हा नोंदणी करतं, की शेजाऱ्याची लॉक जातात. मग शेजारी नोंदणी करतो. तिचं काम मध्येच अडकतं, कधी लिहिताना एरर येते, आणि आपल्याकडे तक्रार पोचते ती 'नेटवर्क स्लो आहे' अशी. आपण स्विच आणि केबल तपासत बसतो.

ऑथेंटिकेशनसाठी कर्बेरॉस असेल आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची की असेल, तर सर्व्हर दुसऱ्याला 'ही ओळख वापरात आहे' म्हणून नकार देतो. मला हा नकार मोलाचा वाटतो, कारण चूक तिथेच उघडी पडते. साध्या युनिक्स ऑथेंटिकेशनमध्ये ती दबून राहते.

उलट बाजूही तितकीच घातक आहे. कंटेनरला दर वेळी नवं रँडम नाव मिळालं, तर सर्व्हरच्या लेखी तो नवाच पाहुणा. त्याचीच जुनी लॉक लीज, म्हणजे सर्व्हरने ती राखून ठेवायची मुदत, संपेपर्यंत त्याला आडवी येतात. लिनक्स सर्व्हरवर ती लीज मुळात 90 सेकंदांची असते. म्हणजे ओळख वेगळीही हवी आणि रीबूटनंतर टिकायलाही हवी.

उपाय हाताशी आहेत. एनएफएस मॉड्यूलला पॅरामीटरमधून स्वतंत्र ओळख देता येते, कंटेनरच्या नेटवर्क नेमस्पेसला सिसएफएसमधून. पहिल्या माउंटच्या आधी मात्र ती द्यायलाच हवी. ही ओळख यंत्राच्या मशीन-आयडीवरून घ्यायची असेल, तर ती जशीच्या तशी वापरू नका, तिचा हॅश वापरा. आणि इमेज बनवताना मशीन-आयडीची फाइल रिकामी करा, नाहीतर तीही क्लोन होते.

माझी आग्रहाची विनंती आहे की इमेज तयार करणाऱ्या प्रत्येकाच्या चेकलिस्टमध्ये हे काम आजच जावं. चालू लॅब तपासायची असेल, तर अलीकडच्या लिनक्स सर्व्हरवर प्रोक फाइल सिस्टीममध्ये एनएफएसडीखाली क्लायंट्स ही डिरेक्टरी आहे. तिथे प्रत्येक क्लायंटचं नाव आणि पत्ता शेजारी शेजारी दिसतात. थोड्या थोड्या वेळाने पाहत राहा. नाव तेच राहून पत्ता बदलत असेल, तर केबलला हात लावू नका.