चित्रातून विचार : विद्यार्थ्यांची चित्रफीत-निर्मिती आणि आरेखनाची दृष्टी

(शिक्षक, शिक्षण विभागातील अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

सन १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा होता. चलच्चित्र निर्माण करण्याची विद्या त्यांनी हस्तगत केली होती. परंतु त्या विद्येवर पैसा लावावयास कोणी तयार नव्हते. अशा वेळी त्यांनी राजवाडा उभारला नाही की नटनट्या जमविल्या नाहीत. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्याच्या वाढीची चित्रे त्यांनी ठराविक अंतराने टिपली. अनेक दिवसांची ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली, आणि जे एरवी कोणाच्याही डोळ्यांस दिसत नाही ते पाहणाऱ्यांस दिसले. 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ च्या चित्रपटाची वाट या एका रोपट्याने मोकळी करून दिली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केवळ काड्यांच्या हालचालींतून साकार केला.

विद्यार्थ्यांकडून चित्रफिती तयार करवून घेण्याचा विचार करताना ही दोन उदाहरणे प्रथम ध्यानात ठेवावयास हवीत. साधन अल्प होते, कल्पना मोठी होती. आज अनेक शाळांतून याच्या उलट स्थिती दिसते. भ्रमणध्वनीतील कॅमेरा फाळके यांच्या यंत्रापेक्षा कितीतरी पटींनी सोयीचा आहे. संगणक आहे, पडदा आहे. परंतु 'काय दाखवावयाचे' हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला नसतो.

प्रेक्षक की निर्माता?

शिक्षणासाठी दूरचित्रवाणी ही कल्पना आपल्या देशास नवीन नाही. दिल्लीत १९६१ साली शालेय दूरचित्रवाणीस प्रारंभ झाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्याचा 'साइट' हा महान प्रयोग झाला. डॉ. विक्रम साराभाई यांनी त्याचे स्वप्न पाहिले आणि डॉ. एकनाथ चिटणीस यांनी त्याच्या कार्यवाहीची धुरा वाहिली. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेली होती. त्याच काळात गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ग्रामस्थांच्याच प्रश्नांवर, त्यांनाच सहभागी करून, कार्यक्रम तयार करण्याची पद्धती रुजली. १९८४ मध्ये पुणे येथे 'बालचित्रवाणी' सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रमांची एक पिढी तेथे घडली. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. २०२० मध्ये शाळांची दारे मिटली, तेव्हा दूरचित्रवाणीवरील पाठांची निकड पुन्हा एकदा सर्वांस जाणवली.

या सर्व प्रयत्नांत बहुतेक वेळा मूल हे प्रेक्षकाच्या जागी होते. आजचा खरा प्रश्न पुढचा आहे. दुसऱ्याने तयार केलेली चित्रे दिवसरात्र पाहणाऱ्या या मुलांस चित्र कसे घडते, ते कोठे खरे बोलते आणि कोठे दिशाभूल करते, हे कधी कळणार? जो स्वतः एकदा आलेख काढून तो पडद्यावर मांडतो, तो दुसऱ्याच्या आलेखास सहजासहजी फसत नाही. चित्रफीत-निर्मिती हा केवळ हौसेचा किंवा स्नेहसंमेलनाचा विषय नव्हे. तो साक्षरतेचाच एक भाग होय.

कल्पनेचे बीज

कल्पना आकाशातून पडत नाही; ती प्रश्नातून उगवते. 'पाण्याचे महत्त्व' हा विषय आहे, कल्पना नव्हे. 'शाळेच्या छपरावर पडलेले पाणी जाते कोठे आणि ते असते तरी किती?' ही कल्पना आहे, कारण तिच्यात शोध आहे आणि उत्तर डोळ्यांनी दाखविता येते.

या एका प्रश्नाचा विस्तार कसा होतो, ते पाहावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटरचे असेल आणि एका दिवसात २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावर २५०० लिटर पाणी पडले. हा आकडा फळ्यावर लिहिल्यास मुले तो वहीत उतरवून घेतील आणि विसरतील. परंतु २०० लिटरचे एक पिंप अंगणात ठेवून त्याचे चित्र घेतले आणि पडद्यावर एकामागून एक साडेबारा पिंपे उभी राहिली, तर तो आकडा मनात ठसतो. त्यातील काही पाणी उडून व सांडून वाया जाते, हेही शेवटच्या पिंपाची पातळी उतरवून दाखविता येते. येथे आरेखन ही सजावट राहिली नाही. तेच विचाराचे वाहन झाले.

कल्पना पक्की करण्याच्या तीन पायऱ्या मानाव्यात. पहिली, संपूर्ण चित्रफितीचा आशय एका वाक्यात लिहावा. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर कॅमेरा हाती घेण्याची वेळ आलेली नाही. दुसरी, कागदाचे दोन उभे भाग करून डावीकडे काय दिसेल व उजवीकडे काय ऐकू येईल, हे लिहावे. डावी बाजू रिकामी राहू लागली, तर ती चित्रफीत नसून भाषण आहे, असे समजावे. तिसरी, आठ-दहा चौकटींत साध्या रेघांनी प्रत्येक दृश्य काढावे. हा चित्रफलक काढण्यास चित्रकार असावा लागत नाही. वर्गातील जे मूल बोलत नाही, ते पुष्कळदा येथे सर्वांच्या पुढे असते, हा शिक्षकांस सुखद अनुभव येण्याजोगा आहे.

चित्र सर्वांना सारखेच कळते काय?

'चित्राला भाषा लागत नाही' असे म्हणण्याची प्रथा आहे. ते पूर्ण सत्य नाही. नेपाळमधील ग्रामीण प्रौढांना चित्रे कशी कळतात, याची पाहणी युनिसेफच्या सहकार्याने झाली व तिचा वृत्तांत १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिशय सोपी केलेली, तपशील गाळलेली आकृती लोकांना अधिक सहज कळेल, हा समज तेथे टिकला नाही. छायाभेद दाखविणारी चित्रे आणि भोवतालचा पसारा काढून टाकलेली छायाचित्रे लोकांनी अधिक चांगली ओळखली. चित्रमालिका डावीकडून उजवीकडे वाचावयाची असते, हेही सर्वांनी गृहीत धरले नव्हते.

यावरून एक नियम निघतो. विद्यार्थ्यांनी काढलेले प्रत्येक आरेखन, कार्यक्रम पुरा होण्यापूर्वी, गावातील दोन-चार माणसांस दाखवावे आणि 'यात काय दिसते?' एवढेच विचारावे. स्पष्टीकरण देऊ नये. उत्तर अपेक्षेपेक्षा निराळे आले, तर दोष पाहणाऱ्याचा नसून चित्राचा होय.

आकडेवारीच्या चित्रांत तर अधिकच सावधगिरी हवी. पाणी दुप्पट झाले म्हणून पिंपाची उंची व रुंदी दोन्ही दुप्पट केली, तर कागदावरील आकार चौपट होतो आणि चित्र असत्य बोलू लागते. विहिरीच्या पाण्याची नोंद घेताना आणखी एक सापळा असतो. जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली मोजली जाते. ती ऑक्टोबरात तीन मीटर व मे महिन्यात नऊ मीटर असेल, तर नेहमीच्या पद्धतीने काढलेला स्तंभ मे महिन्यात सर्वांत उंच दिसेल. ज्या महिन्यात पाणी सर्वांत कमी, त्याच महिन्यात ते सर्वाधिक आहे, असा ग्रामसभेचा समज होईल! अशा वेळी जमिनीची रेघ वर काढून स्तंभ खाली उतरवावा. पाऊस आणि भूजल मोजून पाण्याचा वार्षिक ताळेबंद गावापुढे मांडण्याची प्रथा हिवरे बाजारने घालून दिली आहे. असा ताळेबंद मुलांच्या चित्रफितीतून ग्रामसभेपुढे येणार असेल, तर तो अचूकच असला पाहिजे. तेथे चुकलेल्या चित्रावरून उन्हाळी पिकाचा निर्णय चुकू शकतो.

पडद्यावरील देवनागरी

मराठी अक्षराला वर शिरोरेषा, त्यावर वेलांट्या व मात्रा, आणि खाली उकार असतात. त्यामुळे रोमन अक्षरांसाठी ठरविलेले ओळींमधील अंतर मराठीला अपुरे पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अंतर वाढवावे, ओळी कमी ठेवाव्यात. एका वेळी दोन ओळींहून अधिक मजकूर देऊ नये. अक्षराची उंची पडद्याच्या उंचीच्या विसाव्या भागाहून कमी नसावी. १०८० बिंदू उंचीच्या चित्रात ती सुमारे ५४ बिंदू येते. जोडाक्षरांत बारीक रेघा मिटून जातात, म्हणून ठसठशीत वळणाचा टंक निवडावा. मजकूर कडेस चिकटवू नये. चारही बाजूंनी काही जागा मोकळी सोडावी. शीर्षक पडद्यावर किती वेळ ठेवावे, याची जुनी कसोटी आजही उपयोगी आहे : ते सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत.

टंक युनिकोडचाच असावा. अन्यथा एका संगणकावर शुद्ध दिसणारे शीर्षक दुसऱ्यावर निरर्थक चिन्हांत बदलते. काही आज्ञावलींत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे न बसता मागे जाते आणि जोडाक्षरे तुटतात. असे शीर्षक तपासल्यावाचून पुढे जाऊ देणे म्हणजे शाळेच्या पाटीवर अशुद्ध नाव रंगविण्यासारखेच होय. इंकस्केप, क्रिटा, ब्लेंडर यांसारख्या आज्ञावली विनामूल्य मिळतात. तेव्हा केवळ आज्ञावलीच्या किमतीमुळे काम अडण्याचे कारण नाही.

अल्प साधनांचा स्टुडिओ

स्टुडिओ म्हणजे वातानुकूलित दालन नव्हे. रहदारीपासून दूर असलेली खोली, भिंतींना लावलेल्या सतरंज्या, एकाच बाजूने येणारा खिडकीचा प्रकाश आणि दुसऱ्या बाजूस तो परतविणारा पांढरा पुठ्ठा, एवढ्यावर उत्तम काम होते. मागे हिरवे कापड लावून नंतर तेथे नकाशा वा चित्र बसवावयाचे असल्यास तीन पथ्ये पाळावीत. कापडावर सुरकुती नसावी व प्रकाश सर्वत्र सारखा पडावा. बोलणाऱ्याने कापडापासून दीड-दोन मीटर पुढे उभे राहावे, म्हणजे हिरवी झाक अंगावर येत नाही. आणि हिरवी साडी किंवा हिरवा गणवेश टाळावा, नाही तर बाईंचे केवळ शिर व हात पडद्यावर तरंगताना दिसतील!

हलती चित्रे करण्यास तर चिंचोके, काड्या, ज्वारीचे दाणे, मातीच्या बाहुल्या पुरेशा आहेत. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर ठेवून वस्तू किंचित हलवावी आणि चित्र घ्यावे. आपल्याकडील पद्धतीप्रमाणे सेकंदाला २५ चौकटी धरून प्रत्येक चित्र दोन चौकटी ठेवले, तर दहा सेकंदांच्या हालचालीस १२५ चित्रे लागतात. चार मुलांच्या गटास हे एका दुपारचे काम आहे. १९७४ मधील 'एक अनेक और एकता' हा विजया मुळे यांचा लघुपट अशाच हलत्या चित्रांतून एकीचा अवघड विचार मुलांच्या गळी उतरवितो. त्यास सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. साधे चित्र, एकच कल्पना आणि मुलांचा आवाज, हे त्याचे सामर्थ्य होते.

प्रशासनाची जबाबदारी

या कामी अधिकारी व पंचायत सदस्य यांचे साहाय्य तीन प्रकारे होऊ शकते. एक, शाळेस मिळालेले साहित्य नोंदवहीत सुरक्षित आणि कपाटात बंद राहणार नाही, हे पाहणे. साधन मोडेल, या भीतीने ते मुलांच्या हाती न देणे, हा त्याचा सर्वांत मोठा अपव्यय होय. दोन, कायद्याची जाण देणे. भारताचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूमच असला पाहिजे; त्याविरुद्ध नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्यातील तरतुदीनुसार गुन्हा आहे. इतरांची छायाचित्रे व संगीत अनुज्ञेवाचून घेऊ नये, आणि मुलांची चित्रे बाहेर दाखविण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी. तीन, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलांनी केलेले काम पाहणारे प्रेक्षक मिळवून देणे. ग्रामसभेच्या प्रारंभी पाच मिनिटे या चित्रफितीस द्यावीत. मुलांनी मोजलेली विहीर, त्यांनी काढलेला आलेख आणि त्यावर वडीलधाऱ्यांनी विचारलेले प्रश्न यांतून गाव आणि शाळा जवळ येतील.

कदाचित मुलांचा आलेख गावातील एखाद्या बोअरकडे किंवा गळक्या नळयोजनेकडे बोट दाखवील. ते अप्रिय वाटले, तरी मोजमाप बरोबर असेल तर मुलांच्या मागे उभे राहणे, हीच या उपक्रमाची खरी परीक्षा ठरेल. मोजमाप चुकले असेल, तर ते पुन्हा मोजावयास लावणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

वाटाण्याचे एक रोप वाढताना दाखवून या महाराष्ट्रातील एका माणसाने भारतीय चित्रपटाची मुहूर्तमेढ रोवली. कुंडी, माती आणि बी आजही प्रत्येक शाळेच्या अंगणात आहे. थांबून पाहण्याची सवय मुलांना लावणे, एवढेच काम मोठ्यांकडे उरले आहे.