पाप वारशाने येतं का?

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



सकाळच्या गटचर्चेत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गुलामगिरीचा विषय निघाला, तेव्हा एकीने विचारलं, "आजोबांनी केलं, ते नातवाने का भरायचं?" प्रश्न साधा आहे, पण त्यावर तिथे दीडशे वर्षं भांडण चालू आहे. मी ख्रिस्ती घरात वाढले आणि समाजकार्य शिकले. या प्रश्नाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहते, तेच आज मांडणार आहे.

आमच्या धर्मात 'मूळ पाप' अशी एक कल्पना आहे. पहिल्या माणसाने देवाची आज्ञा मोडली आणि ते बिघडलेपण जन्मासोबत प्रत्येकाच्या वाट्याला येतं, असं ती सांगते. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीनने तिला पक्कं रूप दिलं. आपल्याला, म्हणजे बायकांना, या कल्पनेचा त्रास चांगला ठाऊक आहे. फळ दोघांनी खाल्लं, पण बोट हव्वेकडे दाखवलं गेलं. तिच्या नावावर बायकांना शतकानुशतकं गप्प बसवलं गेलं. म्हणून ही कल्पना मी डोळे झाकून स्वीकारत नाही. तरी तिच्यात एक खरी गोष्ट आहे: आपण कोऱ्या पाटीवर जन्माला येत नाही, आपल्या आधी कुणीतरी बिघडवलेल्या घरात जन्माला येतो.

आता अमेरिकेकडे वळू. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकी माणसांना आणून विकलं गेलं. ती तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. इंग्रजी रिवाजाप्रमाणे मूल बापाचं. पण १६६२ साली तिथे कायदा झाला की, मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरेल. बायकांचा कैवार घेणारा कायदा वाटतो ना? त्याचा अर्थ वेगळाच होता. मालकाने गुलाम बाईवर बलात्कार केला तरी होणारं मूल त्याचं लेकरू नाही, त्याची मालमत्ता. गुन्हा करणाऱ्याचीच संपत्ती वाढणार. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तरी १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात होती. ती बायकांच्या कुशीतून वाढवली गेली. पाप केलं मालकाने आणि वारसा हक्काने शिक्षा मिळाली आईला आणि तिच्या लेकरांना.

यात चर्च कुठे होतं? १६६७ साली व्हर्जिनियाने आणखी एक कायदा केला: बाप्तिस्मा घेतला म्हणून गुलाम स्वतंत्र होत नाही. आत्मा मुक्त, देह मालकाचा! बायबलमध्ये नोहाने कनानला दिलेल्या शापाची गोष्ट आहे. तिच्यात कातडीच्या रंगाचा उल्लेखसुद्धा नाही. पण तिचा आधार घेऊन, काळे लोक जन्मानेच शापित आहेत असं प्रवचनांतून सांगितलं गेलं. १८४५ साली दक्षिणेतल्या बाप्तिस्त मंडळ्या गुलाम बाळगणाऱ्यांच्या बाजूने वेगळ्या झाल्या आणि त्याबद्दल त्यांनी माफी मागितली ती १९९५ साली, दीडशे वर्षांनी. आपल्याकडेही याचा एक धागा आहे. मुंबईत आणि नगरला ज्या अमेरिकन मिशनने मुलींच्या शाळा काढल्या, त्या मिशनची तिकडची मूळ संस्था गुलामगिरीविरुद्ध स्पष्ट बोलेना. म्हणून नाराज झालेल्या लोकांनी १८४६ साली वेगळी संस्था काढली. त्या शाळांचे उपकार आम्ही मानतो. हा इतिहासही आम्हाला माहीत असला पाहिजे.

पण त्याच धर्मातून गुलामगिरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकाही निघाल्या. त्यांतल्या सेरा आणि अँजेलिना ग्रिमके या दोघी बहिणींची हकिकत तुम्हाला सांगायची आहे. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या श्रीमंत, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातल्या या मुली. घर सोडून त्या उत्तरेत गेल्या. १८३६ साली अँजेलिनाने दक्षिणेतल्या ख्रिस्ती बायकांना आवाहन करणारी पुस्तिका लिहिली, तर तिच्या गावाकडे तिच्या प्रती जाळल्या गेल्या. बायकांनी पुरुषांच्या सभेत बोलू नये असं पाद्री म्हणाले, तेव्हा सेराने स्त्रीपुरुष समानतेवरच पत्रं लिहिली, ती १८३८ साली पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी मे महिन्यात अँजेलिना फिलाडेल्फियाच्या एका नव्या सभागृहात बोलली. बाहेरून जमाव दगड मारत होता. दुसऱ्या दिवशी त्या जमावाने ते सभागृह जाळून टाकलं.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गुलामगिरी कायद्याने संपल्यावर, १८६८ साली, अँजेलिनाने वर्तमानपत्रात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचं कौतुक वाचलं. त्याचं आडनाव ग्रिमके. तिने पत्र लिहून चौकशी केली. तेव्हा कळलं की, तिचा मेलेला भाऊ हेन्री आणि त्याच्याकडची गुलाम बाई नॅन्सी वेस्टन यांची ही मुलं. बापाने मरताना त्यांना कुटुंबातली माणसं म्हणून वागवायला सांगितलं होतं, पण त्याच्या गोऱ्या मुलाने आपल्याच सावत्र भावांना घरगडी म्हणून राबवलं.

आता या दोघी बहिणींनी काय करावं? हे पाप त्यांचं नव्हतं. उलट तीस वर्षं त्या त्याच्याविरुद्ध लढल्या होत्या. "आमचा काय संबंध?" असं म्हणायचा हक्क कुणाला असेल तर त्यांनाच होता. त्यांनी तसं म्हटलं नाही. स्वतःची ऐपत बेताची असताना त्यांनी आत्याचं नातं जाहीरपणे मान्य केलं आणि मुलांच्या शिक्षणाला मदत केली. आर्चिबाल्ड वकील झाला, फ्रान्सिस पाळक झाला. आर्चिबाल्डने आपल्या मुलीचं नाव अँजेलिना ठेवलं.

सकाळच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. दोष वारशाने येत नाही. यहेज्केल संदेष्ट्याने हे स्पष्ट सांगितलं आहे की, बापाच्या अपराधाचा दोष मुलावर येत नाही. पण देणं मात्र वारशाने येतं. शेत, घर, नाव, शिक्षण वारशाने घ्यायचं आणि त्यावरचं कर्ज तेवढं आजोबांचं म्हणायचं, असं चालत नाही. १८६२ साली वॉशिंग्टन शहरातले गुलाम मुक्त केले, तेव्हा सरकारने नुकसानभरपाई दिली, माणशी ३०० डॉलरपर्यंत. कुणाला? मालकांना!

आता अशांततेबद्दल. २०२० साली मिनीआपोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतर देशभर लोक रस्त्यावर आले, काही ठिकाणी जाळपोळ झाली. लगेच विचारलं गेलं, "हे लोक इतके हिंसक का?" पण १९२१ साली टल्सा शहरात गोऱ्या जमावाने काळ्यांची ग्रीनवूड वस्ती जाळली. हजाराहून जास्त घरं गेली. तिला वर्षानुवर्षं नुसती 'दंगल' म्हटलं गेलं. वाचलेल्या शेवटच्या म्हाताऱ्या बायकांचा भरपाईचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली फेटाळला. देणं बुडवत राहिलं की शांतता कशी राहील? मी जाळपोळीचं समर्थन करत नाही. १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये पन्नासहून जास्त माणसं मेली आणि कोरियन कुटुंबांची दुकानं जळाली. ज्यांचं देणं नव्हतं त्यांनी भरलं.

मग फेड कशी करायची? बायबलमध्ये जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू घरी आल्यावर तो नुसता रडला नाही. ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत देईन, असं म्हणाला. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ गुलाम विकले आणि त्या पैशातून जॉर्जटाउनच्या कॉलेजचं कर्ज फेडलं. २०१७ साली जाहीर माफी मागितली गेली. २०२१ साली जेझुइटांनी त्यांच्या वंशजांसोबतच्या कामासाठी १० कोटी डॉलर उभे करण्याचं वचन दिलं. माफी सोपी, वचनही सोपं. ते पुरं होतं का, आणि वंशजांना निर्णयात जागा मिळते का, हे पाहायचं.

शेवटी आपल्याविषयी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतली गुलामगिरी संपवायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं. तिकडच्या आरशात आपलं तोंड दिसतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. जन्मावरून शापित ठरवणं आपल्याला नवं नाही आणि जात चर्चच्या दारातही थांबली नाही, हे आम्ही ख्रिस्ती जाणतो.

गटात बोलायला तीन प्रश्न देते. माझ्या घरात जे आलं, त्यातलं काय दुसऱ्या कुणाच्या न मिळालेल्या मजुरीतून आलं? आमच्या संघटनेत निर्णय कोण घेतं आणि सतरंज्या कोण उचलतं? आणि ग्रिमके बहिणींसारखं एखादं नातं आपण मान्य करायचं टाळतो आहोत का? उत्तरं कागदावर लिहा, नावं घालायची गरज नाही. जेवणानंतर त्यावर बोलू.