लस दारापर्यंत यायला हवी



माझे बाबा सफाई कामगार होते. मधुमेहामुळे त्यांचा एक पाय कापावा लागला. गेल्या पावसाळ्यात त्यांना फ्लू झाला, छातीत उतरला आणि अकरा दिवस ते दवाखान्यात होते. डॉक्टरांनी विचारलं, "फ्लूची लस घेतली होती का?" घरात मी एकटी पदवीधर. अशी लस असते, हेच मला ठाऊक नव्हतं.

विषाणू बदलत राहतो, म्हणून ही लस दरवर्षी घ्यावी लागते. म्हाताऱ्यांना, त्यातही मधुमेह किंवा दमा असलेल्यांना फ्लू जास्त भोवतो. तरी केंद्राच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती नाही. यंदा आम्ही पैसे मोजले. पण दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भावानं बाबांना पाठीवर घेतलं. बाबा मान खाली घालून होते.

ती लाज त्यांची नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 25 सांगतं : सरकारी असो वा खासगी, दवाखान्यात विनाअडथळा जाता आलं पाहिजे आणि उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे. 2021 मध्ये घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना कोविडची लस घरी देण्याची सोय केंद्रानं केलीच होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

आपल्या आईबापांनी अंगठे उठवले. आपण अर्ज लिहू शकतो. आपल्या आरोग्य केंद्राला लेखी विचारा : आमच्या वस्तीतल्या दिव्यांग म्हाताऱ्यांना फ्लूची लस घरी कधी देणार? मी अर्ज दिलाय. पोच जपून ठेवलीय. आता तुमचा अर्ज जाऊ द्या.