उंब्रजच्या पुढे गाडी २००२ सालात गेली
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कामाचं काहीतरी बोल. पण आम्हाला समजेल असं!" म्हणून एकच गोष्ट सांगते. ती माझ्या चुकीची आहे, आणि त्या चुकीचा भुर्दंड दुसऱ्यालाच बसला.

आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मामांचा दूध वाहतुकीचा धंदा आहे, सातारा ते सांगली. गाडी कुठे आहे ते घरबसल्या दिसावं म्हणून मी त्यांना दोन बॉक्स करून दिले होते. आत पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक, जीपीएस रिसीव्हर आणि मोबाईलचं सिम. एक बॉक्स टँकरवर आणि दुसरा सांगलीत उभ्या असलेल्या राखीव गाडीवर.

२४ ऑक्टोबर २०२१, रविवार. सकाळी नऊला मामांचा फोन आला. "अगं, गाडी उंब्रजच्या पुढं गेली आणि नकाशावर तिथंच थिजलीय. सांगलीत पोचलो म्हणतोय, पण मधे कुठं होता कोणास ठाऊक." मी पुण्यात घरी होते. सर्व्हर उघडून पाहिला. टँकरची शेवटची नोंद पहाटे ५:२९ची. मी म्हणाले, "मामा, वायर निघाली असेल. नाहीतर कुणी काढली असेल."

हे दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. अकरा वर्षं त्यांच्याकडे असलेल्या ड्रायव्हरकाकांना सोमवारी "उद्यापासून येऊ नका" असं सांगितलं गेलं. मला ते मंगळवारी मैत्रिणीकडून कळलं. बुधवारी रजा टाकून मी सांगली गाठली.

बॉक्स उघडायच्या आधीच दिसलं की वायरच्या जोडावर मी लावलेलं एम-सील जसंच्या तसं आहे. कुणी हात लावलेला नव्हता. तिथेच पोटात गोळा आला. मग जे रविवारी करायला हवं होतं ते केलं: दुसऱ्या बॉक्सची नोंद पाहिली. तीही ५:२९ला थांबलेली. एक गाडी महामार्गावर, दुसरी सांगलीत उभी, आणि दोन्ही एकाच मिनिटाला गप्प! उभ्या गाडीबद्दल कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही पाहिलं नव्हतं. बाई, प्रयोगवहीत निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवून निष्कर्ष आधी लिहिला की तुम्ही अख्खं पान लाल शाईनं खोडायचात. ते पान आठवलं.

लॅपटॉप जोडला. अँटेनाला नऊ उपग्रह दिसत होते, जागा बरोबर सांगलीची. मधला प्रोग्रॅम बंद करून रिसीव्हरच्या कच्च्या ओळी वाचल्या. त्यांत तारीख २७ ऑक्टोबर २०२१, म्हणजे रिसीव्हर निर्दोष. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि संगणकाला तारीख विचारली. उत्तर आलं, बुधवार, १३ मार्च २००२. वार बरोबर, साल चूक! त्या मार्चमध्ये मी ह्याच सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, मेसच्या आमटीला नावं ठेवत.

वार बरोबर असेल तर घोळ पूर्ण आठवड्यांचा असणार. मोजले तर नेमके १०२४.

जीपीएसचे उपग्रह तारीख पाठवत नाहीत. ६ जानेवारी १९८० पासून कितवा आठवडा चालू आहे, तो आकडा पाठवतात. त्या आकड्याला मूळ संदेशात १० बिटांचीच जागा आहे. म्हणून १०२३ नंतर पुन्हा शून्य येतं, साधारण साडेएकोणीस वर्षांनी. असं १९९९च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९च्या एप्रिलमध्ये झालं. आपण कितव्या फेरीत आहोत ते प्रोग्रॅमनं ओळखायचं.

आमच्या बॉक्सवर जीपीएसडी नावाचा प्रोग्रॅम होता. तो जगभर वापरला जातो, फुकट मिळतो आणि उत्तम आहे. त्यात चुकीची फेरी पकडण्यासाठीच एक तपासणी घातलेली होती. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळं जुळवायला अधूनमधून एक लीप सेकंद वाढवतात. त्यामुळे जीपीएसची वेळ आपल्या जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. लिहिणाऱ्यानं धरलं की २०२२ संपेपर्यंत १८चे १९ होतीलच. म्हणून आठवडा २१८०च्या पुढचा आणि फरक अजून १९पेक्षा कमी दिसला, तर आठवडाच चुकीचा समजून १०२४ वजा करायचे. पण २०१६च्या अखेरीनंतर लीप सेकंद लागलाच नाही. आठवडा २१८१ सुरू झाला तो २४ ऑक्टोबरला, आपल्याकडे पहाटे साडेपाचला १८ सेकंद कमी असताना. म्हणजे ५:२९!

आणि बॉक्स गप्प का झाले? ह्या संगणकाला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही, आमचीच स्क्रिप्ट ते जीपीएसवरून जुळवते. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र २०२१चं. २००२ सालात बसलेल्या बॉक्सच्या मते ते अजून जन्मालाच आलेलं नव्हतं, म्हणून त्यानं जोडणी नाकारली. दुरुस्त आवृत्ती ३.२३ ऑगस्टमध्येच आली होती. "चाललंय ना, कशाला हात लावा" म्हणून मी ती टाकली नव्हती.

पण पाठवता आलं नाही तरी बॉक्स नोंदी स्वतःकडे साठवतो. १० मार्च २००२ अशा नावाची फाईल सापडली. त्यात टँकरचा अख्खा रस्ता होता: कऱ्हाड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली. पेठ नाक्यावर बारा मिनिटांचा थांबा, बाकी कुठेही नाही. लॅपटॉप तसाच मामांसमोर ठेवला. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्याला फोन तू करणार का मी?"

मीच केला. माझ्याच बोलण्यावरून हे झालं, हेही सांगितलं. काका थोडं थांबून म्हणाले, "ताई, नाक्यावर चहा प्यालो, ते पण दिसतंय व्हय त्यात?" मी हो म्हणाले. "मग बरं हाय," म्हणाले, आणि फोन ठेवला.

गुरुवारी पहाटे ते कामावर आले. तेव्हापासून निघताना आणि पोचताना वहीत वेळ लिहितात आणि महिनाअखेरीला पानांचे फोटो मला पाठवतात. मी ते बॉक्सच्या नोंदींशी ताडून पाहते. गेल्या महिन्यात दोन मिनिटांचा फरक निघाला. त्यांचं मनगटी घड्याळ पुढे होतं. मी तसं कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, "ते मुद्दाम हाय, ताई."