नंबराला गाव हवं

(आकाशवाणीवरील भाषणाची संहिता)



गंगापूर तालुक्यात जमीन असलेल्या प्रत्येक घरात सातबारा असतो. पुढच्या वेळी तो हातात आला की नुसतं नाव आणि क्षेत्र बघून घडी घालू नका. नावाच्या शेजारी कंसात एक आकडा छापलेला असतो, तो फेरफाराचा नंबर. खाली जुन्या फेरफारांचे नंबर एकापुढे एक लिहिलेले असतात. जमीन आज कुणाची आहे, हे सातबारा सांगतो. ती त्याच्याकडे वारसानं आली, खरेदीनं आली की वाटणीत आली, हे तो सांगत नाही. त्यासाठी तो नंबर घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, बघावी लागते.

या नोंदवहीला चारच रकाने आहेत. पहिल्यात नोंदीचा अनुक्रमांक. दुसऱ्यात हक्काचं स्वरूप, म्हणजे कुणी दिलं, कुणी घेतलं, कशाच्या आधारानं घेतलं. तिसऱ्यात जमिनीच्या ज्या गटावर परिणाम झाला त्याचा नंबर. चौथ्यात नोंद तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. आता यातली खुबी बघा. सातबारा फेरफाराकडे बोट दाखवतो आणि फेरफार तिसऱ्या रकान्यातून परत त्याच गटाकडे बोट दाखवतो. दोन्ही बाजूंनी वाट आहे. कागदावर ती वाट आपल्याला पायांनी चालावी लागते, तलाठी सजापासून तहसीलपर्यंत, नकलेचा अर्ज करत.

तुम्ही म्हणाल, आज भाषण तर संगणकावर आहे आणि बाई सातबाऱ्यात का शिरल्या? कारण जगभरचे प्रोग्रॅमर आज आपलं दप्तर जवळपास याच रीतीनं ठेवतात. त्यांच्या दप्तरातल्या नंबरांना आपोआप लिंक जोडून देणारं एक छोटं अवजार आहे. त्याला प्लगइन म्हणतात. मूळ प्रोग्रॅमला हात न लावता त्याला एखादं जादा काम शिकवणारा तो एक तुकडा असतो. वाळूज आणि रांजणगाव शेणपुंजी ही आपल्याच तालुक्यातली गावं. तिथल्या कारखान्यांत आता यंत्रंही प्रोग्रॅमवर चालतात. गावोगावची मुलं-मुली संभाजीनगरला, पुण्याला इंजिनिअरिंग शिकतात. हा विषय परका राहिलेला नाही.

आधी ते दप्तर समजून घेऊ. २००५ सालच्या एप्रिलमध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स या संगणक प्रणालीच्या कामासाठी गिट नावाची प्रणाली लिहिली. एकाच प्रोग्रॅमवर हजारो माणसं काम करणार, तर कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहिली पाहिजे. गिटमधल्या अशा प्रत्येक नोंदीला कमिट म्हणतात आणि अशा नोंदींच्या सगळ्या साठ्याला रिपॉझिटरी, बोलताना नुसतं रेपो. २००८ मध्ये गिटहब सुरू झालं. हे रेपो इंटरनेटवर ठेवायची आणि त्यांवर चर्चा करायची ती जागा. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती साडेसात अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं.

गिटहबवर एखाद्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की तिथं तक्रार मांडता येते. तिला इश्यू म्हणतात. कुणी दुरुस्ती करून दिली की ती पुल रिक्वेस्ट. दोघांनाही नंबर मिळतात, आणि ते एकाच मालिकेतले असतात. तक्रार ४११ असली तर त्यापुढची दुरुस्ती ४१२. आपल्या फेरफार नोंदवहीतही वारस, खरेदी, बँकेचा बोजा असे वेगवेगळे हक्क एकाच अनुक्रमानं लागतात. असा नंबर लिहिताना त्याच्या आधी हॅशचं चिन्ह देतात. फोनवर ‘हॅश दाबा’ असं सांगतात ना, तेच ते, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांचं.

कमिटची ओळख मात्र साध्या नंबरानं होत नाही. त्या नोंदीत जे काही आहे त्या सगळ्यावरून गणित करून गिट चाळीस चिन्हांची एक ओळ काढतं. त्यात शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजी वर्णमालेतली पहिली सहा अक्षरं, ए ते एफ, एवढंच येतं. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ सगळीच्या सगळी बदलते. चाळीस चिन्हं कुणी लिहीत बसत नाही. सर्वसाधारणपणे पहिली सात पुरतात. लिनक्ससारख्या अवाढव्य प्रकल्पात सात चिन्हांवर दोन नोंदी एकसारख्या निघू शकतात, म्हणून तिथं निदान बारा लिहा असा नियम आहे.

आता मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ही लिहिण्याची पद्धत आणली आणि तिच्या आखणीत एरन स्वार्ट्झ यांचा वाटा होता. साध्या मजकुरातच थोड्या खुणा करायच्या. ओळीच्या सुरुवातीला हॅश दिला तर ती ओळ शीर्षक होते, शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका दिल्या की अक्षरं तिरपी होतात. प्रोग्रॅमबरोबरची माहितीपत्रकं आणि बदलांच्या याद्या आज बहुधा याच पद्धतीत लिहितात.

अडचण इथं सुरू होते. गिटहबवर तक्रारीखाली चर्चा करताना तुम्ही हॅश आणि ४१२ लिहिलंत, तर गिटहब स्वतःच त्या आकड्याची लिंक करतं. दाबलं की ४१२ नंबरची नोंद उघडते. एवढंच नाही, तर ४१२ च्या पानावरही ‘अमुक ठिकाणी या नोंदीचा उल्लेख झाला’ अशी ओळ पडते. पण तोच आकडा रेपोमधल्या बदलांच्या यादीच्या फाईलमध्ये लिहिलात, तर तो तसाच पडून राहतो. ती फाईल तुमच्या स्वतःच्या वेबसाईटवर छापली, तरी तेच. वाचणाऱ्यानं आकडा टिपून घ्यायचा, गिटहबवर जायचं आणि शोधायचं. शंभर ओळींच्या यादीत हाताने शंभर लिंका कोण जोडत बसणार?

ते काम रिमार्क-गिटहब नावाचं प्लगइन करतं. नेदरलँड्सचे टायटस वर्मर यांनी ते लिहिलं. ते फुकट आहे आणि खुलं आहे, कुणीही आतला कोड वाचू शकतं. हॅशचा नंबर, कमिटची सात ते चाळीस चिन्हांची ओळ, ‘अ‍ॅट’ चिन्हापुढचं माणसाचं नाव, या खुणा मार्कडाउनच्या मजकुरात शोधायच्या आणि त्यांच्या लिंका करायच्या, एवढंच त्याचं काम. ऐकायला सोपं आहे. करताना मात्र तीन प्रश्न आडवे येतात, आणि मला बोलायचं आहे ते त्या प्रश्नांबद्दलच.

पहिला प्रश्न, कुठल्या गावचा? ‘फेरफार ४१२’ एवढ्यावर तलाठीसुद्धा काही सांगू शकणार नाही, कारण प्रत्येक गावची नोंदवही वेगळी. ‘आपली चावडी’ या सरकारी पानावर फेरफाराची स्थिती बघायची तर आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावं लागतं. गावाचं नावही एकटं पुरत नाही. गंगापूर म्हटलं की नाशिककडचा माणूस धरणाचं नाव घेतो. आपल्या तालुक्यात नुसतं कायगाव म्हटलं, तर जुने की नवीन, हे विचारावंच लागतं. म्हणून गिटहबवर पूर्ण पत्ता लिहिताना आधी मालकाचं नाव, मग तिरपी रेघ, मग रेपोचं नाव आणि शेवटी हॅश व नंबर असतो. नुसता नंबर लिहिला असेल, तर प्लगइनला आपण कुठल्या रेपोत बसलोय हे आधी माहीत असावं लागतं. प्रकल्पाच्या माहितीच्या फाईलमध्ये रेपोचा पत्ता दिलेला असेल, तर ते तिथून उचलतं. नसेल, तर आपण सांगायचा. तो चुकीचा सांगितला तर सगळ्या लिंका दुसऱ्याच गावात जातील, आणि दिसायला मात्र अगदी बरोबर दिसतील.

दुसरा प्रश्न, लिंक कुठे करायची नाही? मघाचाच नंबर घेऊ, हॅश ४१२. वेबपानाची सजावट करणाऱ्या भाषेत, सीएसएसमध्ये, हॅशपुढे तीन आकडे लिहिले की तो रंग असतो. हॅश ४१२ हा तिथं काळपट तांबडा रंग आहे. माहितीपत्रकात कुणी नमुना म्हणून ती ओळ दिली आणि प्लगइननं तिची लिंक केली, तर सगळा घोळ. म्हणून हे प्लगइन मजकुरावर सरसकट ‘शोधा आणि बदला’ असं चालवत नाही. आधी मजकूर वाचून त्याची मांडणी केली जाते. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा कोडचा नमुना, ही आधीच केलेली लिंक. मग प्लगइन फक्त साध्या मजकुरात हिंडतं. कोडच्या नमुन्याला हात लावत नाही, आणि आधीच लिंक असलेल्या शब्दात दुसरी लिंक घालत नाही. गंमत म्हणजे, इंग्रजीत सात अक्षरांचे काही शब्द असे आहेत की ते नेमके ए ते एफ याच अक्षरांनी बनतात. ‘डिफेस्ड’, ‘इफेस्ड’ हे तसे शब्द. ते दिसायला थेट कमिटच्या ओळीसारखे. प्लगइनच्या कोडमध्ये अशा शब्दांची एक लहानशी यादीच ठेवली आहे, यांना हात लावू नये म्हणून. अवजार चांगलं आहे की नाही, ते अशा बारीक जागी कळतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. नंबर खरा आहे का? गिटहब लिंक करण्यापूर्वी आपल्या साठ्यात बघू शकतं, की अशी कमिट आहे का. प्लगइन तुमच्या संगणकावर चालतं, त्याच्यासमोर तो साठा नसतो. त्याला फक्त आकार कळतो. कमिटसारखं दिसलं की कमिट. तुम्ही ४१२ ऐवजी ४२१ लिहिलंत, तर ४२१ ची सुरेख लिंक तयार होईल. फेरफारात नोंद प्रमाणित करणं हे मंडळ अधिकाऱ्याचं काम. नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, मग सही होते. प्लगइनकडे त्यातलं काहीच नाही. शिवाय त्याची वाट एकाच बाजूनं जाते. ४१२ च्या पानावर उल्लेखाची ओळ पाडणं, किंवा माणसाचं नाव लिहिल्यावर त्याला सूचना धाडणं, ही कामं गिटहबची. ती प्लगइनच्या हातात नाहीत.

आणखी एक धोका सांगते. पूर्वी गूगल कोड नावाची अशीच एक जागा होती. २०१५ मध्ये गूगलनं ती गुंडाळायचं जाहीर केलं आणि २०१६ च्या जानेवारीत ती बंद झाली. प्रकल्प दुसरीकडे हलले, जुना साठा वाचण्यापुरता जपला गेला. पण ‘इश्यू ५७ पहा’ असं ज्यांनी नुसतं लिहून ठेवलं होतं, त्यांच्या वाचकाला आता आधी विचारावं लागतं, कुठला ५७? जुना की नव्या जागी आल्यावर पडलेला? जायकवाडी धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्यांना हा प्रश्न मी समजावून सांगायची गरज नाही.

मग ही लिंक जोडण्याची धडपड कशाला? माझं म्हणणं असं, की यंत्रानं फक्त चालण्याचे कष्ट वाचवायचे. बोट दाखवायचं काम आपलंच. प्रोग्रॅममध्ये एखादी विचित्र दिसणारी ओळ असते. नवा माणूस येतो, त्याला ती निरर्थक वाटते, तो ती काढून टाकतो आणि दोन वर्षांपूर्वी मोडलेली गोष्ट पुन्हा मोडते. त्या बदलाच्या नोंदीत तक्रारीचा नंबर असता, तर एका बोटावर सगळी हकिकत समोर आली असती. कुणाला कुठे अडचण आली होती, काय काय करून पाहिलं, शेवटी हा उपाय का ठरला, सगळं. पण ज्यानं नंबरच लिहिला नाही, त्याच्यापुढे उत्तमातलं उत्तम प्लगइनही हात टेकेल. नसलेल्या नंबराची लिंक कुणालाच करता येत नाही.

म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. पहिल्या दिवसापासून रेपो उघडा. चारच जण असलात, एकाच बाकावर बसत असलात, तरी अडचण आली की इश्यू टाका. बदल नोंदवताना त्या इश्यूचा नंबर लिहा. इंग्रजीत ‘फिक्सेस’ हा शब्द आणि पुढे हॅश घालून नंबर लिहिलात, तर बदल मुख्य शाखेत, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ प्रतीत, आला की गिटहब ती तक्रार आपण होऊन मिटवतं. दुसऱ्या रेपोतला नंबर असेल तर मालक आणि रेपोचं नाव सोडू नका. आणि नंबराच्या शेजारी कारण एका ओळीत शब्दांतही लिहा. ‘हॅश ४१२ पहा’ एवढ्यावर थांबू नका. ‘जोडाक्षर तुटत होतं म्हणून बदललं, हॅश ४१२’ असं लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालतं, गिटला त्याचं वावडं नाही. उद्या ती वेबसाईट बंद पडली, लिंक तुटली, तरी ते चार शब्द तुमच्या नोंदीतच राहतील. प्लगइन काय, पाच मिनिटांत बसवून होतं. नंबर आणि कारण लिहिण्याची सवय लागायला मात्र एक अख्खं सेमिस्टर जातं, तेव्हा ती आधी लावून घ्या.